न भरणारी जखम
(आरोग्यविषयक पाठ)

कर्करोग कातडीलाहि होतो, आणि तो डोळ्यांसमोर असल्यामुळें लवकर ओळखतां येतो. आपली सांवळी त्वचा उन्हापासून पुष्कळ रक्षण करिते, म्हणून गोऱ्या लोकांपेक्षां हा रोग आपणांत कमी. परंतु तो होतच नाहीं असें समजूं नये. आपल्याकडे तो पुष्कळदां भाजल्याचा जुना वण, वर्षानुवर्षें वाहणारी जखम किंवा सतत घासली जाणारी जागा धरून येतो.

काश्मिरांत लोक हिंवाळ्यांत अंगरख्याखालीं निखाऱ्यांची कांगडी बाळगतात. तिच्या धगीनें पोटावर व मांडीवर कर्करोग होतो, असें मिशनचे डॉक्टर एल्मस्ली यांनीं १८६६ सालीं लिहून ठेविलें. दुसरें उदाहरण आपल्या घरचें. मुंबईचे डॉ. खानोलकर यांनीं १९४५ सालीं धोतराच्या घट्ट गांठीखालीं कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचें वर्णन केलें. पुढें तो लुगडें व परकर नेसणाऱ्या स्त्रियांतहि आढळला. हा रोग विरळा आहे. तरी मावळांत आवणीच्या दिवसांत भिजलेलें वस्त्र कमरेस आवळून चिखलांत राबणाऱ्या भगिनींनीं हें ध्यानांत ठेवावें. नाडी सैल व रुंद असावी, आणि बांधण्याची जागा बदलीत जावी.

पुढील खुणा ओळखाव्या :

१. तीन-चार आठवड्यांत न भरणारी, किंवा भरून पुन्हां फुटणारी जखम.
२. जुन्या वणावर उठलेली गांठ. कडा जाड, कठीण व सहज रक्त येणारा व्रण.
३. वाढणारा, रंग किंवा आकार बदलणारा, वेड्यावांकड्या कडांचा तीळ.
४. तळपायावर, तळहातावर किंवा नखाखालीं नवा उमटलेला काळा डाग. अनवाणी चालणाऱ्यांनीं तळवे वेळोवेळीं पाहावे.

दुखत नाहीं म्हणून निश्चिंत राहूं नये. आरंभीं हा रोग बहुधा दुखत नाहीं. बधिर चट्टा मात्र कुष्ठरोगाची खूण असूं शकते. त्याचें औषध सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतें.

अशा जखमेस डाग देऊं नये, चुना किंवा तंबाखू लावूं नये. डॉक्टर तिचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासतात. तुकडा काढल्यानें रोग पसरतो, ही समजूत खोटी आहे. आरंभींच कापून काढिल्यास बहुतेक रोगी बरे होतात. लोणावळ्याहून पुण्याचें ससून रुग्णालय किंवा परळचें टाटा स्मारक रुग्णालय आगगाडीच्या वाटेवर आहे. हा रोग स्पर्शानें लागत नाहीं. म्हणून रोग्यास दूर न बसवितां सोबत घेऊन जावें.

प्रश्न : (१) कोणती जखम डॉक्टरांस दाखवावी? (२) तिला डाग कां देऊं नये? (३) आपल्या गांवांत अशी जखम लपवून कोणी बसलें आहे काय?