पुऱ्या करू नकोस

अगं, काल फोनवर म्हणालीस ना, "ताई, सासू-सासरे भुसावळहून येतायत, मुलांना नाताळची सुट्टी आहे, सगळ्यांना एक दिवस कुठेतरी न्यायला हवं, रिसॉर्ट बघतेय." तेव्हा माझा कुकर गॅसवर होता, मी नुसतं हं हं केलं. रात्री मात्र तेच डोक्यात घोळत राहिलं. आता पोरं बाहेर गेलीयत, घर शांत आहे. बोलते.

रिसॉर्ट नको. लोणावळाही नको. सुट्टीतला रविवार आहे, घाटात गाड्यांची रांग लागणार, धाकटीला गाडी लागते आणि तुझ्या सासूबाईंना तीन तास पाय दुमडून बसवत नाही. ठाण्यातच फिरा. ठाण्यात काय बघायचं, आपण तर नौपाड्यातच वाढलो, असं म्हणशील. आपण वाढलो गं. तुझी मुलं घोडबंदर रोडला वाढतायत. त्यांचं ठाणं म्हणजे सोसायटीचं गेट, शाळेची बस आणि मॉल. परवा थोरल्याने मला विचारलं, "मावशी, तलावपाळीला जायला कुठल्या स्टेशनला उतरायचं?" ठाण्यातल्याच तळ्याबद्दल विचारत होता! पोटात तुटलं माझ्या.

पण कुठे जायचं ते नंतर. आधी एक कबूल कर. पुऱ्या करायच्या नाहीत.

माझे सासू-सासरे पहिल्यांदा राहायला आले होते, तेव्हा मी असाच एक दिवस आखला होता. एका दिवसात पाच ठिकाणं. पहाटे चारला उठून साठ पुऱ्या तळल्या, बटाट्याची भाजी केली, दोन डबे दहीभात, वर शिरा. आज त्या दिवसातलं मला काय आठवतं, सांगू? साठ पुऱ्या आठवतात. उपवनच्या तळ्यावर ऊन कसं पडलं होतं ते आठवत नाही, कारण मी तेव्हा कागदी ताटल्या उडू नयेत म्हणून दगड शोधत होते. संध्याकाळी सासूबाई दमून गप्प झाल्या, पोरं रडायला लागली, आणि घरी आल्यावर रिकाम्या डब्यांचा ढीग घासायला मीच उभी होते. कुणी वाईट वागलं नाही गं. सगळे म्हणाले, छान झाली सहल. ती माझीही सहल असायला हवी होती, हे मात्र कुणालाच सुचलं नाही. मलासुद्धा नाही.

म्हणून सांगते, दोन फेऱ्या कर. सकाळची एक, संध्याकाळची एक, आणि मधली दुपार घरी झोपायला ठेव. दुपारचं जेवण पोळीभाजी केंद्रातून आण, शनिवारीच सांगून ठेव. पाण्याच्या बाटल्या, टोप्या, सासऱ्यांच्या गोळ्या ही सगळी यादी आमच्या जावईबापूंच्या हातात दे. तीही शनिवारीच. रविवारी सकाळी दिलीस तर "अगं, टोप्या कुठे ठेवल्यात?" विचारत तो तुझ्यामागेच फिरेल. चांगला आहे तो, करेल. त्याला आधी सांगावं लागतं, एवढंच.

सकाळी ओवळ्याला जा, ओवळेकर वाडीत, फुलपाखरांच्या बागेत. तुमच्या कासारवडवलीहून ते जवळ आहे आणि तू अजून गेली नाहीस! बाग रविवारी सकाळी उघडी असते, तरी आदल्या दिवशी फोन करून विचार. पोहोचायची घाई मात्र करू नकोस. फुलपाखराला अंगात ऊब आल्याशिवाय उडता येत नाही. सकाळी ती पानांवर पंख पसरून उन्हाला बसलेली असतात. नऊ-साडेनऊला ऊन चढलं की उडायला लागतात. म्हणजे घरून निवांत निघा, चहा दोनदा घेऊन.

मुलांना नुसतं "बघ किती सुंदर" म्हणू नकोस. त्यांना शोधायला काहीतरी दे. काळ्या मखमली पंखांवर निळं पाणी सांडल्यासारखं एक मोठं फुलपाखरू असतं, ब्लू मॉरमॉन. ते आपलं राज्य फुलपाखरू आहे, २०१५ साली ठरलं. असं राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. ते आधी कुणाला दिसतं बघू, असं सांग. आणि घरी आल्यावर बाल्कनीतली कढीपत्त्याची कुंडी दाखव. मागे तू मला फोटो पाठवला होतास ना, पानांवर चिमणीची शी पडल्यासारखं काहीतरी आहे म्हणून? ती बहुधा अळी होती. कॉमन मॉरमॉन नावाचं फुलपाखरू कढीपत्त्यावर, लिंबावर अंडी घालतं आणि त्याची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे पक्षी तिला खात नाहीत. मोठी झाली की ती हिरवीगार होते. तू तेव्हा ती झटकून टाकलीस. पुढच्या वेळी चार पानं जाऊ दे तिला. धाकटी रोज सकाळी आपणहून उठून बघायला येईल, बघ तू.

त्याच दिवशी फ्लेमिंगो बघायला ऐरोलीलाही जाऊ, असं कुणीतरी म्हणेलच. नको. खाडीतली बोट भरती-ओहोटीच्या वेळेवर सुटते, आपल्या वेळेवर नाही. ते पक्षी मे महिन्यापर्यंत असतात, कुठे पळून जात नाहीत. त्यासाठी वेगळा दिवस काढ.

आता संध्याकाळ. ही मला नीट सांगायचीय.

चारला निघा आणि आधी स्टेशनवर जा. हसू नकोस. तुझे सासरे आयुष्यभर रेल्वेत होते ना? मग त्यांना ठाणे स्टेशन मॉलच्या वाटेवर ओझरतं का दाखवायचं? प्लॅटफॉर्म तिकीट काढा, दहा मिनिटं त्यांना तिथे उभं राहू दे. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघून इथेच आली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, चौतीस किलोमीटरचा रस्ता आणि ओढायला तीन इंजिनं. इंजिनांची नावं थोरल्याला पाठ करायला लाव, साहिब, सिंध आणि सुलतान. पण ही गोष्ट तू सांगू नकोस. आजोबांना सांगू दे. परक्या शहरात, सुनेच्या घरात माणूस फार गप्प होतो गं. त्यांना ठाऊक असलेलं काहीतरी तिथे असलं की त्यांचा आवाज परत येतो. माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत हे मला फार उशिरा समजलं.

तिथून जांभळी नाका. सासूबाईंना अर्धा तास बाजारात मोकळं सोड. खानदेशातल्या बाई, भरताच्या वांग्याला बोट लावून नाक मुरडणार, ते मुरडू दे. भाव त्यांनाच करू दे. मग कोपिनेश्वर. देऊळ जुनं आहे, पेशवाईत १७६० च्या सुमाराला कल्याणच्या सरसुभेदारांनी ते पुन्हा बांधलं. आतली पिंडी चार फुटांहून उंच आहे, धाकटीच्या डोक्याच्या वर जाईल. आपण लहानपणी तिच्याशी पाठ लावून उंची मोजायला निघालो होतो आणि गुरुजी ओरडले होते, आठवतं?

आणि मग समोर तलावपाळी. साडेपाचला पोहोचा. डिसेंबरात सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो. सासूबाईंना कट्ट्यावर बसव, समोर पाणी, एका बाजूला गडकरी रंगायतन. थोरला कंटाळला म्हणाला तर त्याला त्र्यंबकजी डेंगळ्यांची गोष्ट सांग. आपलं ठाण्याचं जेल आहे ना, तो मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, पुढे इंग्रजांकडे गेला. पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी तिथे कैदेत होते. पहारा गोऱ्या शिपायांचा, त्यांना मराठी कळत नव्हतं. एका इंग्रज अंमलदाराचा मराठी मोतद्दार रोज खिडकीखाली घोड्याची निगा राखता राखता गाणी म्हणायचा. पळून जायचा सगळा बेत त्या गाण्यांतूनच कैद्याला समजत होता. आणि १८१६ मध्ये त्र्यंबकजी खरंच निसटले! अकरा वर्षांच्या मुलाला यापेक्षा काय हवं? परत येताना रिक्षा जेलच्या भिंतीजवळून घ्यायला सांग. याच जेलमध्ये १९ एप्रिल १९१० ला क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फाशी गेले, तेही त्याला कळू दे. कान्हेरे तर पुरते वीस वर्षांचेही नव्हते.

रात्रीचं जेवण करायचंच नाही. मामलेदारची मिसळ खा. खानदेशी माणसं आहेत, तिखटाला घाबरणार नाहीत. मुलांसाठी कमी तिखट सांग आणि वर ताक.

आता मनातलं सांगते. आपण लहान असताना महिन्यातून एकदा तरी बाबा आपल्याला तलावपाळीवर होडीत बसवायचे. आई कुठे असायची? मी काल रात्री खूप आठवून पाहिलं. आई कट्ट्यावर असायची, जांभळी नाक्यावरच्या भाजीच्या दोन पिशव्या आणि आपले स्वेटर सांभाळत. आपण पाण्यातून हात हलवायचो, ती हलवायची. घरापासून पंधरा मिनिटांवर तळं, पन्नास वर्षं झाली तिला ठाण्यात, आणि गेल्या आठवड्यात मी सहज विचारलं तर म्हणाली, "मी? नाही बाई, कधी बसले नाही. पिशव्या कोण बघणार?" अगदी साधेपणाने म्हणाली. मला पुढे बोलताच येईना.

तर रविवारी आईलाही घे. ती "तुम्ही जाऊन या, मी तुमच्यासाठी खिचडी टाकून ठेवते" म्हणेल. ऐकू नकोस. तिला, तुझ्या सासूबाईंना आणि तुला, तिघींना एका होडीत बसव, मधे धाकटी. मी साडेपाचला येते. वांग्यांच्या पिशव्या, स्वेटर, काय असेल ते माझ्याकडे दे, मी कट्ट्यावर बसते.