चिक्कीचा पाक

लोणावळ्याची चिक्की तुम्ही खाल्ली असेल. मुंबई-पुण्याच्या वाटेवर हे गाव आहे. जाणारे-येणारे तिथून चिक्कीचे पुडे घेतात. तशी चिक्की आपल्या चुलीवरही होते. दाणे आणि गूळ तर घरात असतातच.

"करून पाहिली, पण दाताला चिकटते," असे पुष्कळ बाया आम्हाला सांगतात. दोष गुळाचा नसतो. पाक कच्चा राहिलेला असतो.

आधी दाणे पाहू. 2 वाट्या शेंगदाणे निवडून घ्या. काळा पडलेला, सुरकुतलेला, बुरशी आलेला दाणा टाकून द्या. गुरांना, कोंबड्यांनाही घालू नका. त्या बुरशीत विष असतं. त्यानं लिव्हर बिघडतं. दाणे भाजले तरी ते विष पुरतं जात नाही.

चांगले दाणे मंद आचेवर खमंग भाजा. चोळून पाखडा. दाण्याची दोन फाकं झाली की पुरे. कूट करू नका.

आता एक पाट आणि लाटणं घ्या. दोन्हीला तूप चोळून ठेवा. हे आधीच करायचं. मागून वेळ मिळत नाही!

कढईत 1 चमचा तूप आणि दीड वाटी चिरलेला गूळ घाला. बाजारात चिक्कीचा गूळ मिळतो, तो उत्तम. साधाही चालतो. आच मंद ठेवा, ढवळत राहा. गूळ विरघळतो, मग फेस येतो. गुळातलं पाणी उडत जातं. पाणी जितकं उडेल, तितका पाक गार झाल्यावर कडक होतो.

जवळ वाटीभर गार पाणी ठेवा. पाकाचा थेंब त्यात टाका. बोटाने दाबून पाहा. मऊ गोळी झाली, तर तो लाडवाचा पाक. ताणला जातो, चिवट लागतो, तर अजून कच्चाच. घाई इथेच होते. थेंब कट्‌कन मोडला, की पाक झाला. लगेच कढई उतरवा. थोडाही उशीर झाला तर पाक करपतो आणि कडू होतो.

उकळते पाणी 100 अंश गरम असते. हा पाक 150 अंशांच्या आसपास जातो, आणि अंगाला चिकटतो. म्हणून पोरांना चुलीजवळ येऊ देऊ नका. कोणी भाजलेच, तर त्या जागेवर 20 मिनिटे गार पाणी ओता. तूप, हळद, शाई काही लावू नका. भाजणे मोठे असेल तर दवाखान्यात न्या.

उतरवलेल्या पाकात दाणे घालून भरभर ढवळा. पाटावर ओता, पातळ लाटा. गरम असतानाच सुरीने वड्यांच्या रेघा ओढा. गार झाल्यावर वड्या आपोआप सुटतात.

वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. गूळ हवेतली ओल ओढतो. पावसाळ्यात डबा उघडा राहिला, की चिक्की पुन्हा चिकट होते.

अगदी लहान लेकराला चिक्की देऊ नका, दाणा घशात अडकतो. त्याच्यासाठी मूठभर दाण्यांचं बारीक कूट करा आणि गुळात मऊ लाडू वळा.