शेवटच्या अंधाराला झटका का बसतो?

प्रश्न : आमच्या नाट्यगृहात आता एलईडी दिवे आले आहेत. विजेची बचत होते, हे चांगलंच. पण प्रवेश संपताना प्रकाश पूर्वीसारखा विरत जात नाही. शेवटी शेवटी पायऱ्या उतरल्यासारखा कमी होतो आणि एकदम नाहीसा होतो. हा दोष दिव्यांचा की माझ्या डोळ्यांचा?
– एक नाट्यरसिक, सांगली

उत्तर : डोळे तुमचे उत्तम आहेत. तुम्ही टिपलेली गोष्ट खरी आहे, आणि ती दिसत असूनही बोलून दाखवणारे प्रेक्षक फार थोडे.

जुन्या हॅलोजन दिव्यात टंगस्टनची तार असते. पूर्ण तेजात ती अडीच हजार अंश सेल्सियसच्याही वर तापलेली असते. लाइटमनने फेडर खाली ओढला, तरी इतकी तापलेली तार क्षणात निवत नाही. ती आपल्या गतीने थंड होते आणि होताना रंगही बदलते : आधी पांढरट, मग पिवळा, मग नारिंगी, अगदी शेवटी मंद लाल. नायिका खिडकीशी एकटी उभी आहे आणि प्रकाश हळूहळू जातोय, अशा प्रसंगात जो हुरहुर लावणारा उबदारपणा आपण वर्षानुवर्षं अनुभवला, त्यात प्रकाशयोजनाकाराच्या हाताइतकाच या तारेचाही वाटा होता.

एलईडीत निवायला तारच नाही. अर्धवाहकाच्या बारीक तुकड्यातून प्रवाह गेला की प्रकाश पडतो, थांबला की अंधार. मधे सेकंदाचा लाखावा भागही जात नाही. त्यामुळे प्रकाश मंद करायचा तर बहुतेक एलईडी दिवे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद केले जातात आणि ‘बंद’चा काळ वाढवत नेला जातो. लाइट बोर्डाकडून दिव्याला हुकूम जातो तो आकड्यांत. १९८६ साली ठरलेल्या डीएमएक्स पद्धतीत एका चॅनेलला ० ते २५५ एवढेच आकडे असतात. २०० वरून १९९ वर येताना कुणाला काही कळत नाही. पण २ वरून १ वर येताना प्रकाश थेट निम्मा होतो, आणि १ नंतर काहीच नाही. त्यातून काळोखाला सरावलेला डोळा एवढ्याशा फरकालाही फार संवेदनशील असतो. तुम्हाला दिसणाऱ्या पायऱ्या त्या याच.

यावर उपाय आहे, आणि तो नवाही नाही. चांगले दिवे दोन चॅनेल जोडून ६५,५३६ टप्पे घेतात, दोन टप्प्यांमधलं अंतर स्वतः भरून काढतात, आणि मंद होताना मुद्दाम नारिंगीकडे झुकून टंगस्टनची नक्कलही करतात. ते महाग असतात. आपल्याकडे खरेदी करताना किती वॅट आणि किती रुपये एवढंच बघितलं जातं, ही माझी खरी तक्रार आहे.

बचतीबद्दल मात्र शंका नको. हॅलोजन दिवा खातो त्या विजेचा दहावा हिस्साही प्रकाशात उतरत नाही. उरलेली उष्णता होते, आणि ती घालवायला पुन्हा एसी लागतो. रंगीत प्रकाशात तर नासाडीची कमाल होती. रात्रीच्या प्रवेशासाठी हजार वॅटच्या पार लाइटपुढे गडद निळं जिलेटिन लावलं, की शंभरातला चार-पाच भाग प्रकाशही जेमतेम पार व्हायचा. बाकी सगळा त्या कागदातच जिरायचा आणि प्रयोगागणिक कागद फिका पडत जायचा. एलईडी निळा प्रकाश मुळातच निळा तयार करतो. ज्या निळ्या एलईडीमुळे हे शक्य झालं, त्याच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

नव्या दिव्यांबद्दल कुरकुर करणारे तुम्ही पहिले नाही. किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात १८८० साली रंगमंचावर आलं, त्याच्या पुढच्याच वर्षी लंडनचं सॅव्हॉय थिएटर विजेच्या दिव्यांनी उजळलं. पण तिथल्याच लायसियम थिएटरात हेन्री आयर्विंगने वीज हाताशी असतानाही रंगमंचावर गॅसचेच दिवे ठेवले. त्यांच्या प्रकाशाचा मऊपणा त्याला सोडवत नव्हता. २०१८ साली युरोपात वीजबचतीच्या नव्या नियमांमुळे नाट्यगृहांचे जुने दिवे बाद होऊ घातले, तेव्हा तिथल्या रंगकर्मींनी मोठा आवाज उठवला आणि रंगमंचाच्या दिव्यांसाठी सवलती मिळवल्या. हा हट्टीपणा नव्हे. नटाचा चेहरा कसा दिसतो, यावर नाटकाचं पुष्कळ काही अवलंबून असतं.

आणि चेहऱ्याचं दुखणं झटक्याहून मोठं आहे. स्वस्त दिव्यात लाल, हिरवा, निळा एवढे तीनच रंग मिसळून पांढरा केलेला असतो. कोऱ्या पडद्यावर तो पांढराच दिसतो. पण सावळ्या कांतीवर पडला की चेहरा निर्जीव, कधी हिरवट वाटतो. अंबर, लाइम असे जादा रंग असलेले दिवे ही उणीव बरीच भरून काढतात.

तुमच्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना एवढं जरूर सांगा : पुढची खरेदी करण्याआधी नमुन्याचा दिवा बारवर टांगायला लावा, खाली एखाद्या नटाला उभं करा, सभागृहात पूर्ण अंधार करा आणि दहा टक्क्यांवरून शून्यावर यायला अर्धा मिनिट घ्या. त्याच वेळी मोबाइलच्या कॅमेऱ्यातूनही बघा; पट्टे सरकताना दिसले, तर त्या दिव्याखाली प्रयोगाचं चित्रीकरण नीट होणार नाही. आणि तोवर जुने हॅलोजन भंगारात काढू नका. रंगांसाठी आणि मागच्या पडद्यासाठी एलईडी, चेहऱ्यांसाठी समोरच्या बारवर चार-सहा हॅलोजन, अशी सरमिसळ केली तरी बचतीचा मोठा भाग हाती राहतो.