महायाजक एक, मग ‘मुख्य याजक’ अनेक कसे?

प्रश्न : यरुशलेमच्या मंदिरात महायाजक एकच असे. मग शुभवर्तमानांत ‘मुख्य याजक आणि वडील’ असे अनेकवचन का येते? हे ‘वडील’ म्हणजे वयोवृद्ध माणसे का?

उत्तर : ग्रीकमध्ये साधा याजक ‘हिएरेउस’ आणि महायाजक ‘आर्खिएरेउस’. अनेकवचन येते ते याच दुसऱ्या शब्दाचे, आणि त्यामागे राजकारण आहे. मूळ नियमाने हे पद तहहयात. पण हेरोद राजा आणि नंतरचे रोमी सुभेदार महायाजक मनाला येईल तसे बदलू लागले. त्याची सणासुदीची वस्त्रेसुद्धा काही काळ रोमी पहाऱ्यात, अंतोनिया किल्ल्यात कुलूपबंद असत! महायाजक म्हणून हन्नाची नेमणूक इ.स. ६ मधली; त्याला इ.स. १५ मध्ये काढले, तरी वजन तसेच राहिले. पुढे त्याचे पाच मुलगे आणि जावई कयफा त्या गादीवर बसले. म्हणून शुभवर्तमानकार लूक हन्ना व कयफा यांची नावे जोडीने घेतो. पदावरून उतरलेले आणि महायाजक देणाऱ्या मोजक्या घराण्यांतले वजनदार लोक, सारेच ‘आर्खिएरेइस’. इतिहासकार योसेफसही अनेकवचन असेच वापरतो.

‘वडील’ म्हणजे ‘प्रेस्बुतेरोइ’. शब्दशः वयस्कर, पण इथे अर्थ मानाचा : याजकवंशाबाहेरचे घरंदाज पुढारी. वयाचा दाखला कोणी मागत नसे. याजक आणि वडील यांतला हा फरक दगडावरही दिसतो : यरुशलेममध्ये १९१३ साली सापडलेल्या ग्रीक शिलालेखात थिओदोतस स्वतःला ‘हिएरेउस’ आणि सभास्थानाचा प्रमुखही म्हणवतो; त्या सभास्थानाचा पाया घालणाऱ्यांत ‘प्रेस्बुतेरोइ’ वेगळे नोंदले आहेत.