शब्दओळख : निगेटिव्ह

विशेषण म्हणजे नामाबद्दल जास्त माहिती सांगणारा शब्द, हे आपण सर्वांनी पाठ केले आहे. गोड आंबा, उंच झाड वगैरे. मी आज एक इंग्रजी विशेषण घेतले आहे. ते पुस्तकात कमी आणि दवाखान्यात जास्त भेटते. ते म्हणजे ‘निगेटिव्ह’.

लॅटिन भाषेत ‘नेगारे’ म्हणजे नाही म्हणणे. त्यावरून हा शब्द आला. म्हणून त्याचा मूळ अर्थ नकारार्थी, ‘नाही’ असे उत्तर आलेला. ‘निगेटिव्ह विचार करू नको’ असे आपण बोलतो, तिथे मात्र अर्थ वाईट असा होतो. घोटाळा इथेच आहे.

आमच्या शेजारच्या आजींची क्षयासाठी थुंकी तपासली. कागदावर निगेटिव्ह लिहून आले. आजी कपाळाला हात लावून बसल्या. “पोरी, निगेटिव्ह आलंय म्हणं. आता माझं काय खरं न्हाई.” मी म्हणाले, “आजी, तपासणीनं विचारलं, जंतू आहेत का? उत्तर आलं, दिसले नाहीत.” मग आजींनी चहा टाकला!

पण पालकहो, पुढचे नीट वाचा. क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या की काही आठवड्यांत थुंकी बहुधा निगेटिव्ह होते. खोकला थांबतो, वजन वाढते. मग माणूस म्हणतो, निगेटिव्ह झालं, आता गोळ्या कशाला? काचपट्टीवर जंतू दिसले नाहीत म्हणजे अंगात एकही उरला नाही, असे नव्हे. हे औषध बहुधा सहा महिने घ्यावे लागते. मध्येच सोडले तर उरलेले जंतू पुन्हा वाढतात, आणि त्याच गोळ्यांना मग दाद देईनासे होतात. डॉक्टर थांबा म्हणतील तेव्हाच थांबायचे.

रक्तगटातला निगेटिव्ह निराळा. तो आजार नव्हे. तांबड्या पेशींवर ‘आरएच’ नावाचा घटक नाही, एवढेच तो सांगतो. आपल्या देशात शंभरात साधारण ५ माणसे अशी असतात. मात्र आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत आईला ‘अँटी-डी’ इंजेक्शन देतात. ते पुढच्या बाळाला धोका होऊ नये म्हणून असते. गरोदरपणात रक्तगट तपासतात त्याचे हे एक कारण.

आणि टॉर्चच्या सेलची सपाट बाजू निगेटिव्ह असते. तिला कोणी वाईट म्हणत नाही. तिच्यावाचून दिवा लागत नाही.

याचा जोडीदार ‘पॉझिटिव्ह’. २०२० साली कोरोना आला तेव्हा हा शब्द घराघरांत पोचला. त्या वर्षी कोणी ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हटले तरी माणसे दचकत असत!

आता तुम्ही सांगा. ताप आलेल्या मुलाची हिवतापाची रक्ततपासणी निगेटिव्ह आली. इथे ‘नाही’ म्हणजे काय नाही? ताप, की हिवतापाचे जंतू? उत्तर चिठ्ठीवर लिहून फळ्याजवळच्या डब्यात टाका.