गुलाबी बोंडअळी आणि पेशींतील सांधणीची चूक

अकोट तालुक्यांत कपाशी पेरणाऱ्या वाचकांस गुलाबी बोंडअळीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. वरून निरोगी दिसणारें हिरवें बोंड फोडावें, तों आंत अळी आणि तिनें पोखरलेली सरकी! २००२ सालीं बी.टी. कपाशीस सरकारी मान्यता मिळाली, तेव्हां ह्या किडीचा कायमचा बंदोबस्त झाला असें पुष्कळांस वाटलें. २००६ सालीं दोन विषांचें वाण आलें. परंतु २०१७ च्या हंगामांत विदर्भांत त्याच वाणाचीं बोंडें किडलेलीं निघालीं. अशा वेळीं पहिला संशय बियाण्यावर जातो, आणि कांहीं ठिकाणीं तो खराही असेल. मुख्य कारण मात्र अळीच्या पेशींत घडलेल्या एका फेरफारांत होतें. तो समजून घेण्याकरितां पेशीचा कारभार थोडा पाहिला पाहिजे.

वनस्पति, कीटक, जनावरें व मनुष्य ह्यांच्या प्रत्येक पेशींत सामान्यतः केंद्रक नांवाची एक कोठडी असते. तींत शरीराचें मूळ दप्तर, म्हणजे जनुकें, जपून ठेवलेलें असतें. गांवचें मूळ दप्तर जसें कोणाच्या हातीं मिळत नाहीं, नक्कल तेवढी मिळते, तसेंच येथेंही आहे. एखादें प्रथिन तयार करावयाचें झालें कीं त्या जनुकाची नक्कल उतरविली जाते. तिलाच संदेशवाहक आर.एन.ए. म्हणतात. पण ही पहिली नक्कल कच्ची असते. तिच्यांत कामाचे मजकूर तुटक तुटक असून त्यांच्या मधोमध प्रथिनास निरुपयोगी असे लांबच लांब उतारे घुसलेले असतात. कामाच्या तुकड्यांस एक्झॉन व मधल्या उताऱ्यांस इंट्रॉन अशीं नांवें आहेत. हा विलक्षण प्रकार १९७७ सालीं फिलिप शार्प व रिचर्ड रॉबर्ट्‌स ह्यांनीं स्वतंत्रपणें उघडकीस आणला, आणि १९९३ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

कच्च्या नकलेच्या डोक्यावर एक टोपी चढविली जाते व शेंड्यास शेंपटी जोडली जाते, म्हणजे ती वाटेंत कुरतडली जात नाहीं. नंतर स्प्लायसोझोम नांवाचें सूक्ष्म यंत्र प्रत्येक इंट्रॉन कापून टाकतें आणि एक्झॉन एकमेकांस सांधतें. कोठें कापावें ह्याच्या खुणा नकलेंतच असतात. इंट्रॉनच्या आरंभीं बहुधा ‘जी-यू’ व अखेरीस ‘ए-जी’ हीं अक्षरें येतात. हा मजकूर तीन तीन अक्षरांनीं वाचला जातो. म्हणून कापण्यांत एका अक्षराची जरी चूक झाली, तरी पुढील सर्व वाचन बिघडतें, आणि बहुधा लौकरच भलत्या जागीं ‘थांबा’ अशी खूण येऊन प्रथिन अर्धवट राहतें. एकाच नकलेची निरनिराळी सांधणी होणें हें मात्र दर वेळीं वाईटच नसतें. एका जनुकापासून अनेक प्रथिनें मिळविण्याची ती निसर्गाची नेहमींची रीत आहे.

आतां अळीकडे वळूं. बी.टी. कपाशींतील ‘क्राय १ ए-सी’ हें विष अळीच्या आंतड्यांत गेल्यावर तेथील पेशींवरील कॅडहेरिन नांवाच्या प्रथिनास चिकटतें. तेंच त्याचें दार. दार सांपडलें म्हणजे पेशींस छिद्रें पडतात व अळी मरते. भारतांतील शेतांत प्रतिकारक्षम झालेल्या अळ्यांची तपासणी २०१४ सालीं प्रसिद्ध झाली. तींत कॅडहेरिन जनुकाचे आठ नवे बिघडलेले प्रकार आढळले, आणि त्यांपासून एकोणीस तऱ्हांच्या नकला निघत होत्या. प्रत्येक नकलेंत एक तर वेळेआधींच ‘थांबा’ ही खूण होती, अथवा निदान ९९ अक्षरें गळालीं होतीं, अथवा दोन्ही. आठांपैकीं सात प्रकारांच्या एकाहून अधिक नकला निघत, म्हणजे बिघाड सांधणींतही होता. दुसऱ्या विषाविषयीं, म्हणजे ‘क्राय २ ए-बी’ विषयीं, २०१८ सालीं असेंच दिसून आलें. तेथें ए.बी.सी.ए. २ हें दुसरें जनुक बिघडलेलें होतें. सांधणींत त्याचा सहावा एक्झॉनच गळत होता. हीच चूक अमेरिकेंतील अ‍ॅरिझोना प्रांताच्या, प्रयोगशाळेंत निवडलेल्या अळ्यांतही सांपडली.

तात्पर्य, अळीनें कोणतेंही नवें शस्त्र घडविलें नाहीं. तिचें दार मोडलें, एवढेंच. दार मोडण्याच्या रीती अनेक असल्यामुळें एखादी एकच खूण शोधून प्रतिकारक्षम अळी ओळखणें कठीण होतें.

परंतु दोष असा असल्यामुळेंच एक उपायही होता. प्रत्येक अळीस आईकडून एक व बापाकडून एक असें तें जनुक मिळतें. त्यांतील एक जरी शाबूत असलें तरी दार उभें राहतें आणि विष लागू पडतें. ह्याच कारणास्तव ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर बी.टी. बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी मिळत असे. त्या ओळींवर वाढलेले साधे पतंग प्रतिकारक्षम पतंगांशीं जुळले असते, तर पुढची पिढी बी.टी. बोंडांत मेली असती. आपणांपैकीं पुष्कळांनीं ती पुडी बांधावर टाकली, किंवा नांगी भरण्यास वापरली. अ‍ॅरिझोनांत बिगर बी.टी. कपाशीचें क्षेत्र राखलें गेलें, आणि तेथें अळी बराच काळ विषास बळी पडत राहिली.

आतां मोडलेलें दार सर्वत्र पसरलें असतां केवळ त्या ओळींवर विसंबतां येणार नाहीं. डिसेंबरअखेर पीक संपवावें; फरदड ठेवूं नये. पऱ्हाटी शेतांत उभी ठेवूं नये किंवा बांधावर रचूं नये, कारण तींतील किडक्या बोंडांतच अळी सुप्तावस्थेंत राहते. हेक्टरीं पांच कामगंध सापळे लावावे. लागोपाठ तीन रात्रीं एका सापळ्यांत आठ किंवा अधिक पतंग सांपडले, अथवा तोडून पाहिलेल्या वीस हिरव्या बोंडांपैकीं दोहोंत जिवंत अळी निघाली, तरच फवारणीचा विचार करावा. बोंडें मात्र फोडूनच पाहावीं. अळी आंत शिरल्यावर तिचें छिद्र बुजून जातें.