पाटल्या सराफाकडे नेण्यापूर्वी

वाघोली, पुणे
रविवार, दुपार

चि. बाळ यास,

फोनवर तुला काही सांगू लागलो की तू ‘हो काका, हो काका’ म्हणत राहतोस, आणि त्या होकारांत माझे बोलणे अशा सफाईने बुडते, की फोन ठेवल्यावर आपण नेमके काय सांगितले याची मलाच खातरजमा उरत नाही; सबब हे पत्र. ते पुरते वाचल्यावाचून खिशात घालू नये.

तुझ्याविषयी दोन वार्ता या आठवड्यात माझ्या कानी आल्या. पहिली अशी की, शिरूरच्या त्या लग्नाचे सगळे फोटो तुझ्या संगणकातून ‘उडाले’ आणि म्हणून तू मुलीच्या वडिलांचा फोन घेत नाहीस. ती मला वाघेश्वराच्या देवळात चारचौघांसमक्ष ऐकविण्यात आली, आणि ऐकविणाराच्या मुद्रेवर सहानुभूतीपेक्षा समाधानच अधिक होते. दुसरी मात्र घरातलीच, आणि तीच मला रात्री झोपू देत नाही. कपाटातल्या पाटल्या तू ‘नुसते वजन करून आणतो’ म्हणून घेऊन गेला होतास, असे वहिनी बोलता बोलता तुझ्या काकूला म्हणाल्या. बाळ, त्या पाटल्यांचे वजन आपल्या घराने यापूर्वी एकदाच करविले आहे, आणि ते कशासाठी, हे तुला नव्याने सांगावयास नको. पुढे तू कॉलेज अर्ध्यावर सोडलेस, तेव्हाही वहिनींनी त्याविषयी चकार शब्द काढला नाही. त्या आताही काढणार नाहीत, आणि म्हणूनच मला बोलणे प्राप्त आहे.

पहिल्या वार्तेचा निकाल आधी लावतो, कारण तो सोपा आहे. संगणकाचे ग्राफिक्स कार्ड बिघडले असे तू धरून चालला आहेस; पण कार्ड बिघडले म्हणून फोटो उडत नाहीत. पडद्यावर चित्र रेखणे आणि प्रोग्रॅमने सोपविलेली गणिते झपाट्याने करून देणे, एवढेच कार्डाचे काम. फोटो राहतात ते डिस्कवर. लाइटरूमसारखा प्रोग्रॅम तर कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ रॉ फाइलीस हात न लावता, तू केलेले सारे बदल आपल्या कॅटलॉगमध्ये निराळे टिपून ठेवतो, जशी आमच्या महसुली दप्तरात फेरफाराची नोंदवही सातबाऱ्याहून वेगळी असे. तेव्हा पडद्यावर काळे चौकोन उमटोत की ब्रश फिरविताक्षणी प्रोग्रॅम बंद पडो, त्या मुलीचे लग्न शाबूत आहे. हे तुला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. मग ते तिच्या वडिलांना का ठाऊक नसावे? त्यांनी आगाऊ रक्कम दिली, मुदत ठरली, मुदत टळली, आणि तू फोन घेणे बंद केलेस. अशा स्थितीत त्यांनी जो तर्क केला तो कोणीही केला असता. यंत्र आजारी आहे, फोटो सुरक्षित आहेत, अमुक दिवशी अल्बम देतो, एवढे बोलण्यास कोणतेही कार्ड लागत नव्हते. आणि त्या रॉ फाइलींची दुसरी प्रत तू निराळ्या डिस्कवर, निराळ्या जागी ठेवली आहेस ना? २००३ च्या जानेवारीत येथे पुण्यातच, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातील कोठारास आग लागून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिती भस्मसात झाल्या. ज्यांची प्रत आधी निघाली होती तेवढीच चित्रे वाचली. लोकांची लग्ने सांभाळण्याचा धंदा तू पत्करला आहेस, तेव्हा हे विसरून चालणार नाही.

आता पाटल्या. मुंबईस लॅमिंग्टन रोडवर कोणी जुने परंतु दांडगे कार्ड निम्म्या किमतीत देऊ करीत आहे आणि त्यासाठी पाटल्या गहाण पडणार आहेत, असे मी समजून चाललो आहे. तसे नसेल तर मला खुशाल शरमिंदा कर. पण तसे असेल, तर दोष तुझ्या कार्डाचाच आहे हे तू कशावरून ठरविलेस, एवढे मला सांग.

गेल्या पावसाळ्यात माझ्या संगणकानेही हेच सोंग आणले होते. जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून साफ करण्यासाठी तूच तो जुळवून दिला होतास. एके दिवशी चित्र मोठे करताच सारा पडदा काळा पडू लागला, आणि मीही प्रथम कार्डालाच दोष दिला. वरच्या मजल्यावरचे आपले भाडेकरू खराडीच्या एका कंपनीत आहेत, त्यांनी येऊन शांतपणे पाहिले. नवा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाकडून काम करवून घेणारी आज्ञावली, बसत असतानाच वीज गेली होती आणि तो अर्धवट बसला होता. त्यांनी संगणक सेफ मोडमध्ये चालू करून ड्रायव्हरचे जुने अवशेष डीडीयू नावाच्या साधनाने समूळ काढले, नवा स्वच्छ बसविला, आणि निकाल लागला. खर्च म्हणाल तर तुझ्या काकूच्या हातचे थालीपीठ. शिवाय त्यांनी कॅबिनेट उघडून कार्डाचा पंखा दाखविला, त्यावर आमच्या वाघोलीच्या खाणींची आणि क्रशरची धूळ अशी दाटून बसली होती, की ते कार्ड इतके दिवस श्वास कसा घेत होते याचेच नवल वाटावे. तू नगरला सावेडीच्या खोलीत गेल्यापासून तुझे कॅबिनेट एकदा तरी उघडले आहेस काय?

तेव्हा क्रमाने जा. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स प्रोसेसर वापरण्याची जी खूण असते ती तूर्त काढून टाक. काम मंदावेल, काही साधने चालणार नाहीत. परंतु काळे चौकोन नाहीसे झाले, तर दोष कार्ड किंवा ड्रायव्हर यांपैकी कोठे तरी आहे एवढे निश्चित होईल, आणि त्या मंद गतीनेही शिरूरचा अल्बम पुरा होईल. मग ड्रायव्हरकडे वळ. संगणकाची प्रणाली कित्येकदा आपल्याला न विचारता ड्रायव्हर बदलते, म्हणून दुखणे सुरू झाले त्या सुमारास काय बदलले हे तारखेनिशी तपास, आणि बदलले असेल तर मागच्या आवृत्तीवर जा. एनव्हिडियाने २०१९ पासून खेळांसाठी एक आणि तुझ्यासारख्या कामकऱ्यांसाठी ‘स्टुडिओ’ नावाचा दुसरा, असे दोन ड्रायव्हर ठेवले आहेत. तू कोणता बसविला आहेस, हे मी विचारीत नाही. रात्री तुझ्या खोलीत कोण मंडळी खेळावयास जमतात हे मला ठाऊक आहे.

तुझे कार्ड पास्कल पिढीचे, म्हणजे २०१६ च्या सुमाराचे. त्या पिढीसाठी ड्रायव्हरच्या नित्याच्या नव्या आवृत्त्या ऑक्टोबर २०२५ नंतर थांबल्या; सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या २०२८ पर्यंत मिळावयाच्या आहेत. म्हणून नवे कार्ड कधीच घेऊ नकोस, असे माझे म्हणणे नाही. रात्रीच्या वरातीच्या फोटोंतले दाणे काढणारे जे साधन २०२३ मध्ये लाइटरूममध्ये आले, त्यास तुझे कार्ड एकेका फोटोला मिनिटे घेत असणार, आणि हंगामात हजारो फोटो असे निस्तरणे म्हणजे जागरणच. परंतु कार्ड घ्यावयाचे ते पावतीचे आणि हमीचे. इथेरियम नावाच्या आभासी चलनाची रीत २०२२ च्या सप्टेंबरात बदलली, तेव्हा त्या चलनाच्या पाठी अहोरात्र राबविलेली कार्डे जगभरच्या बाजारात आली. त्यांचे उरलेले आयुष्य विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. क्षीण कार्डाची आतली ओळख बदलून त्यास मोठ्या कार्डाचे नाव देण्याचा उद्योगही चालतो; इतका, की जीपीयू-झेड या छोट्या प्रोग्रॅमला अशा तोतयांपुढे ‘फेक’ असे लिहून दाखविण्याची सोय करावी लागली. आणि कार्ड अस्सल निघाले तरी ते चालविणार कशावर? आरटीएक्स ३०६० सारखे कार्ड १७० वॅट खाते, आणि त्यासाठी ५५० वॅटचा पॉवर सप्लाय असावा असे बनविणारेच सांगतात. तुझा सप्लाय ४५० चा आहे. तो बसविताना स्क्रू मीच धरले होते. म्हणजे पाटल्यांवर कार्ड येईल, आणि सप्लायसाठी वहिनींचे आणखी काय वजन करून आणणार आहेस?

हे वाक्य लिहून झाल्यावर खोडणार होतो. राहू देतो, कारण ते माझ्या मनात आहे.

१९९१ साली आपल्या पुण्यात सी-डॅकने डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० उभा केला, तेव्हा आमच्या कचेरीत कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. अमेरिकेने आपला महासंगणक देण्यास नकार दिला होता; या मंडळींनी एका बलाढ्य यंत्राच्या नादी न लागता, ट्रान्सप्युटर नावाचे लहान लहान गणक एकत्र जुंपून तेच काम करवून घेतले. भाडेकरू सांगतात की ग्राफिक्स कार्डाचेही तत्त्व तेच; माझ्या साध्या १०५० टीआयमध्येही असे ७६८ गणक एकदम गणिते करीत असतात. मला त्यातले गणित कळत नाही. पण जे मिळत नाही त्याच्या मागे घर न विकता, जे हाती आहे ते नीट जुंपून पाहावयाचे, ही रीत मला त्या वेळीही आवडली होती.

तू म्हणशील, काकांना उपदेश सोपा. त्यांनी जन्मभर दप्तरे सांभाळली. खरे आहे. परंतु दप्तरांच्या आधी लक्ष्मी रस्त्यावरच्या एका स्टुडिओत मी रिटचिंग करीत असे. निगेटिव्हवर पातळ औषध चढवून, काचेच्या उताराखाली आरसा ठेवून, टोक काढलेल्या पेन्सिलीने माणसांच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण बुजवावयाचे. एका नवरीच्या गालावर संध्याकाळ होई. माझा हात चांगला होता, असे इतर म्हणत. रंगीत फोटो आले, तेव्हा मालक म्हणाले, ‘मुंबईस चल, रंगाचे काम शीक, मी खर्च करतो.’ त्याच सुमारास तुझ्या आजोबांनी सरकारी नोकरीचा अर्ज माझ्यापुढे ठेवला. मी सही केली. पेन्शनीपर्यंत सुखाने जगलो, ही जमीनही त्यामुळेच राहिली. परंतु आजही लक्ष्मी रस्त्यावरून जाताना त्या जिन्याकडे पाहण्याचे मी टाळतो. तू कॉलेज सोडलेस, तेव्हा घरात सर्वांत मोठ्याने ओरडणारा मी होतो. त्या आवाजात राग किती होता आणि मत्सर किती, याचा हिशेब मी अद्याप मांडलेला नाही.

शिरूरच्या लग्नातला एक फोटो तू मला धाडला होतास. मुलगी गाडीत बसली आहे, आणि तिचा बाप बाहेरून काचेला तळवा लावून उभा आहे. काचेवर मंडपाच्या दिव्यांचे प्रतिबिंब पडले आहे, आणि तू ते पुसले नाहीस. रिटचिंगच्या वयात मी ते खात्रीने पुसले असते, आणि फोटो मारून टाकला असता. तुला हे कोणी शिकविलेले नाही. बाळ, ज्या माणसाचा हा तळवा तू टिपलास, त्याचाच फोन तू घेत नाहीस, हे मला सहन होत नाही. आज संध्याकाळी त्यांना फोन कर. तुला अवघड वाटत असेल तर नंबर मला पाठव, मी आधी बोलतो, मग तू बोल.

आणि दोष कार्डाचा की ड्रायव्हरचा, हे ठरविण्याची तजवीज मी केली आहे. माझे १०५० टीआय तुझ्याकडे पाठवीत आहे. तेही पास्कल पिढीचेच, म्हणून तुझा ड्रायव्हर त्यास चालेल. ते ७५ वॅटमध्ये भागविते, निराळी वीजतार मागत नाही. तुझे काढून हे बसव. काळे चौकोन तसेच राहिले, तर ड्रायव्हरच्या मागे लाग. नाहीसे झाले, तर तुझे कार्ड थकले असे समज आणि याच कार्डावर शिरूरचे काम उरक. तेवढे दिवस माझ्या निगेटिव्ह थांबतील. त्या इतकी वर्षे थांबल्या आहेत. त्यानंतर खरोखरच नवे कार्ड घ्यावे लागले, तर तसे मला मोकळेपणी सांग. माझी एक मुदतठेव आहे, तिचे व्याज तूर्त पाण्याच्या टँकरवाल्याच्या घरी जाते. महापालिकेत येऊन आम्हाला काही वर्षे झाली, तरी टँकर सुटलेला नाही. त्या ठेवीचा उपयोग तुझ्यासाठी झाला, तर तुझी काकू मला एक दिवस तरी शहाणा म्हणेल. व्याज लावणार नाही, मुदत घालणार नाही, आणि ‘काकांनी दिले’ असे कोठे बोलण्याचीही जरूर नाही.

फक्त पाटल्या वहिनींच्या हातात परत दे. कपाटात ठेवू नकोस, हातात दे. त्या काही विचारणार नाहीत. तूही काही सांगितले नाहीस तरी चालेल.

जेवत जा. रात्री दोनला फोटो पाठवतोस, ते मी पहाटे उठून पाहतो, आणि आवडल्याचे लिहावयाचे राहून जाते. ते सगळे मला आवडले होते.

तुझा,
काका

ता. क. काकू मंगळवारी सकाळच्या एसटीने नगरला येत आहे. कार्ड तिच्या पिशवीत, त्याच्या मूळच्या चंदेरी वेष्टनात आहे. पिशवी वरच्या फळीवर ठेव म्हटले तर ऐकत नाही, मांडीवर घेऊन बसणार म्हणते. तेव्हा स्टँडवर वेळेवर जा. कार्ड कडेने धर, सोनेरी दातांना बोट लावू नकोस. शेंगदाण्याची चटणीही त्याच पिशवीत आहे, ती आधी बाहेर काढ.